खरखर

तिला सगळे ब्रेकबाई म्हणत. ती गाडी शिकवायची, आणि तिच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक होता नि शेजारी बसणाऱ्या तिच्या पायाशी दुसरा. स्टिअरिंग नाही, हॉर्न नाही, नुसता ब्रेक. "मला एवढाच अधिकार दिलाय," ती म्हणायची, "पण तो मी वेळेवर वापरते." इतकी वर्षं तो दाबून दाबून पायाला खोडच लागली होती. घरी नवरा गरम पातेलं नुसत्या हाताने उचलायला गेला की हिचा पाय स्वयंपाकघराच्या फरशीवर दाबला जाई. टीव्हीवरची नायिका नको त्या माणसाला होकार द्यायला निघाली की पुन्हा पाय. नवरा म्हणे, "अगं, फरशी खचेल एक दिवस."

सध्याची तिची विद्यार्थिनी म्हणजे तिची थोरली जाऊ. घरात आल्यापासून जाऊबाईंनी तिला भांडी घासण्यापासून चादरीची घडी घालण्यापर्यंत सगळं शिकवलं होतं, आणि शिकवताना जे जे ऐकवलं होतं ते ब्रेकबाईच्या चांगलं लक्षात होतं. आता पारडं फिरलं होतं.

"क्लच हळू सोडा, जाऊबाई. हळू! अहो, तो क्लच आहे, सून नाही, एकदम झटकून टाकायला."

"मला सून आहे कुठे? नशिबात धाकटी जाऊ आली, तिलाच झटकून हौस भागवली."

पण हे शिकणं हौसेचं नव्हतं. थोरल्या दिरांचं मूत्रपिंड थकलं होतं. रक्त शुद्ध करून घ्यायला त्यांना दर एक-दोन दिवसांआड इस्पितळात न्यावं लागे. घर चढावर, अगदी वरच्या टोकाला, आणि टॅक्सीवाले चढाचं नाव काढलं की फोन ठेवत. गाडी दारात उभी, चालवणारा पलंगावर. मुलगी परमुलखात. साठीला आलेल्या जाऊबाई एके सकाळी धाकटीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "शिकव मला. आणि शिकवताना बोललीस तर याद राख."

ब्रेकबाई अर्थातच बोलली. पण शिकवलं मनापासून.

तिच्या शिकवण्यात एक धडा असा होता की तो कुठल्या पुस्तकात नव्हता. मागून सायरन आला की काय करायचं? आरसा बघायचा, इशारा द्यायचा, कडेला घ्यायचं, थांबायचं. हे पुस्तकातलं झालं. ब्रेकबाई पुढे म्हणायची, "आणि ती गाडी आपल्याच घरी चालली आहे असं समजायचं." मग माणूस आपोआप नीट थांबतो. चरफडत नाही, हॉर्न वाजवत नाही. गाडी निघून गेली की ती स्वतः पुटपुटायची, "पोच रे बाबा वेळेवर." कोण, कुठे, कुणासाठी, काही ठाऊक नसायचं. तरी म्हणायची.

त्या दुपारी शाळेच्या लांब भिंतीजवळचं वळण संपून रस्ता सरळ झाला होता. जाऊबाई छान चालवत होत्या. इतक्या छान की ब्रेकबाई जरा नाराजच होती, बोलायला काही सापडेना. तेवढ्यात मागून, वळणाच्या पलीकडून, सायरन ऐकू आला.

"आरसा," ब्रेकबाई म्हणाली.

"बघितला."

"इशारा."

"दिला. दिसत नाही का?"

"कडेला घ्या. सावकाश. आणखी थोडं. थांबा."

गाडी फुटपाथला लागून अशी उभी राहिली की मोजपट्टी लावावी. जाऊबाईंनी हातब्रेक ओढला आणि आयुष्यात पहिल्यांदा धाकटीकडे विद्यार्थ्यासारखं बघत विचारलं, "थांबले. आता काय करू?"

"आता काही नाही. आता त्यांना जाऊ द्यायचं."

पण ते नीट गेलेच नाहीत. पोलिसांची गाडी वळणावर आली ती इतक्या वेगात, की वळणाने तिला धरून ठेवलंच नाही. तोंड रस्त्याकडे, शेपूट भलतीकडे. ते शेपूट फिरलं आणि उभ्या गाडीच्या दारावर, जाऊबाई बसल्या होत्या त्या दारावर, आदळलं. ब्रेकबाईचा पाय केव्हाच खाली दाबलेला होता. उभ्या गाडीचा ब्रेक. त्याचा काय उपयोग?

काच मांडीवर सांडली होती. जाऊबाई खांदा धरून म्हणत होत्या, "मी थांबले होते ना गं? मी थांबले होते ना?"

पोलिसांच्या गाडीतून आधी साहेब उतरले. त्यांनी पहिल्यांदा आपल्या गाडीचा मागचा पत्रा बघितला, मग ब्रेकबाईच्या गाडीवरची 'शिकाऊ' पाटी बघितली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क हायसं वाटल्यासारखं काहीतरी आलं. ते ब्रेकबाईने बघितलं. पुढे कितीतरी दिवस ते तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

मग चालवणारा उतरला. पांढराफटक पडलेला.

"बाई?" तो म्हणाला.

तो तिचा जुना विद्यार्थी होता. पोलीस होण्याच्या कितीतरी आधी तिच्याच गाडीत शिकलेला. तेव्हा तो इतका हळू चालवायचा की सायकलवाले घंटी मारून पुढे जात, म्हणून ब्रेकबाईने त्याचं नाव 'सावकाश' ठेवलं होतं. पहिल्या परीक्षेत तो गाडी फारच हळू चालवल्याबद्दल नापास झाला होता. असं नापास झालेलं माणूस तिने दुसरं बघितलं नव्हतं, आणि तिला त्याचं केवढं कौतुक होतं.

*

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला ठाण्यात बोलावलं. खोलीत लोखंडी कपाट, पंखा, आणि पाहुण्यांसाठी एक खुर्ची, जिचा एक पाय आखूड होता. बसलं की माणूस आपोआप साहेबांकडे झुकायचं.

"मॅडम, चहा घेणार?"

"नको."

"तुमच्या नातेवाईक बऱ्या आहेत ना? खांद्यावर निभावलं, नशीब. आता बघा, ही गोष्ट वाढवण्यात कुणाचंच भलं नाही. शिकाऊ बाई होत्या, वय झालेलं, सायरन ऐकून घाबरल्या, वळणाच्या तोंडावरच एकदम थांबल्या. होतं असं. तुम्ही जबाबात एवढंच सांगायचं. आम्ही त्यांच्यावर केस करणार नाही."

"तुम्ही त्यांच्यावर?" ब्रेकबाईने विचारलं. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"रस्ता अडवला ना त्यांनी."

"साहेब, आम्ही वळणाच्या कितीतरी पुढे होतो. कडेला होतो. उभे होतो. हातब्रेक ओढून, पुढे काय करायचं ते विचारून झालं होतं. याहून जास्त बाजूला व्हायचं म्हणजे आम्हाला शाळेच्या भिंतीवर चढायला हवं होतं."

साहेब हसले नाहीत. त्यांनी हात टेबलावर ठेवले आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, एका बाईला तिचा नवरा घरात कोंडून मारत होता. शेजाऱ्यांचा फोन आला होता. आम्ही तिकडे चाललो होतो. तुमच्या घरची असती तर? तुम्ही म्हणाला असता का, साहेब, जरा हळू या?"

इथे मात्र ब्रेकबाईची बोलती बंद झाली. कारण हा तिचाच धडा होता. तुमच्याच घरी चालली आहे असं समजा. हेच ती इतकी वर्षं प्रत्येकाला सांगत आली होती, आणि आता साहेबांनी तोच धडा उचलून तिच्या पुढ्यात ठेवला होता. ती त्या लंगड्या खुर्चीवरून उठली. "उद्या सांगते," एवढंच म्हणाली आणि बाहेर आली. बाहेर आल्यावर तिला स्वतःचा राग आला, मग त्या नवऱ्याचा, मग पुन्हा स्वतःचा.

संध्याकाळी ती चढावरच्या घरी गेली. जाऊबाई उशांना टेकून बसल्या होत्या, हात गळ्यात अडकवलेला. शेजारच्या पलंगावर थोरले दीर. दोघं दोन पलंगांवर, आणि मधे औषधांचं टेबल. त्या दिवशी त्यांना इस्पितळात न्यायला कोण आलं होतं? शेजारचा फर्निचरवाला, आपल्या टेम्पोतून. दीर म्हणाले, "बरं झालं, कपाटाच्या शेजारी बसून गेलो. घरच्यासारखं वाटलं."

कुणी हसलं नाही.

"दुपारी एक पोलीस आला होता," जाऊबाई म्हणाल्या. "चांगला होता बिचारा. म्हणाला, काकू, घाबरायला होतं, त्यात काही कमीपणा नाही."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, असेल बाबा. घाबरले असेन."

"जाऊबाई! तुम्ही घाबरला नव्हता. माझ्यावर डाफरत होता तुम्ही."

"मला आता आठवत नाही गं." जाऊबाई खिडकीबाहेर बघत होत्या. "रात्रभर आठवतेय. एकदा वाटतं थांबले होते, एकदा वाटतं चाललेच होते. सगळे म्हणताहेत तर तसंच असेल. या वयात काय गाडी शिकायची? गाडी विकून टाकू म्हणते."

आयुष्यात जिने कधी भाजीतलं मीठ जास्त झालं तरी "तुमच्या जिभेला काहीतरी झालंय" असंच सांगितलं होतं, ती बाई म्हणत होती, माझंच चुकलं असेल. ब्रेकबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खांद्याचं हाड जुळेल. पण हे जे मोडलं होतं, त्याला पट्टा कुठे बांधायचा?

*

दुसऱ्या दिवशी ठाण्यात जायच्या आधी ती तिची दुसरी गाडी पुसत होती. जुनी होती, पण दोन ब्रेक हिलाही होते. तेव्हा फाटकाशी सावकाश येऊन उभा राहिला. साध्या कपड्यांत.

"बाई, काकू कशा आहेत?"

"गाडी विकायची म्हणताहेत. बाकी बऱ्या आहेत." ती काच पुसत राहिली. "तू त्याच्यासाठी नाही आलास. साहेबांनी पाठवलं?"

"हो," तो म्हणाला. खोटं बोलायला तो कधी शिकला नव्हता. "म्हणाले, तुझी बाई आहे ना, जा, समजाव. नाहीतर चूक माझ्यावर येते, बाई. माझी दोन लेकरं आहेत."

ब्रेकबाईने फडकं पिळलं. तिला त्याच्याशी भांडायचं नव्हतंच. रात्रभर तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती, आणि ती कळली असती तर कदाचित तिने गपगुमान साहेबांच्या मनासारखं सांगूनही टाकलं असतं. निदान ती स्वतःला तसं म्हणत होती.

"एवढंच सांग. ती बाई वाचली का? जिला नवरा मारत होता ती."

"वाचली की," सावकाश म्हणाला.

"तुम्ही उशिरा पोचलात तरी?"

तो फाटकाच्या कडीशी खेळायला लागला. "दुसरी गाडी पोचली होती ना. ती जवळच होती. नवऱ्याला धरलं, तिला दवाखान्यात नेलं, सगळं झालं होतं."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

कडीचा आवाज थांबला.

"कधी कळलं रे?"

"कंट्रोलने सांगितलं होतं. वायरलेसवर. 'एक गाडी पोचली, बाकीच्यांनी परत फिरा.'"

"कधी?"

"वळणाच्या आधी. बरंच आधी. पुलावर होतो."

ब्रेकबाईला वाटलं, आपल्याला नीट ऐकू येत नाही. "मग सायरन? मग तो वेग?"

आणि सावकाश हसला. हसण्यासारखं काही होतं म्हणून नव्हे, तर चारचौघांत नेहमी सांगायचा विनोद तोंडातून निघाला म्हणून. "खरखर होती, बाई."

"कसली खरखर?"

"आम्ही म्हणतो तसं. वायरलेसला खरखर आहे, ऐकू आलं नाही. परत फिरलेली गाडी गेलीच नव्हती असं धरतात. मग मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत विचारतात, तुमची गाडी कुठे झोपली होती? म्हणून कुणीच परत फिरत नाही. साहेब म्हणाले, खरखर आहे, चल. अशी खरखर रोजच असते. एका मारामारीला कधी कधी पाच-पाच गाड्या जमतात. मारामारी करणारे दोघंच, आणि..."

ब्रेकबाईच्या तोंडाकडे बघून तो थांबला.

"म्हणजे आम्ही कुणासाठी थांबलो होतो?" ती म्हणाली. ती ओरडली नाही. तिचा पाय मात्र मातीत घट्ट रुतला होता. "मी इतकी वर्षं माणसांना सांगते, तुमच्याच घरी चालली आहे असं समजा. लोक थांबतात. कामावर जायला उशीर झालेली माणसं थांबतात. पोटुशी बाई रस्ता ओलांडताना मधेच मागे फिरते. मी हात जोडते रे तुमच्या गाडीला! पोच म्हणते! आणि तुम्ही मीटिंगला चाललेले असता?"

"बाई, खऱ्या वेळेलाही जातो आम्ही. खूप वेळा खरंच कुणीतरी..."

"तेच तर! खऱ्या वेळेचं नाव पुढे करून खोट्या वेळेला धावता. ती मार खाणारी बाई साहेबांनी काल माझ्या पुढ्यात ठेवली, माझं तोंड बंद करायला. तिला नवऱ्याने मारलं ते मारलं, वर तुम्ही तिला ढाल म्हणून वापरलंत. आणि तू? सायकली तुझ्या पुढे जायच्या! तू कधीपासून..." तिने फडकं बादलीत टाकलं. "बस गाडीत."

"कुठे?"

"मला सांगून काय उपयोग? मी थांबले होते ते मला माहीत आहे. जिला माहीत नाही तिला सांग."

तिने त्याला शिकणाऱ्याच्या जागेवर बसवलं आणि स्वतः शेजारी, आपल्या ब्रेकपाशी. तो चालवू लागला. शाळेच्या भिंतीपाशी वळण आलं तसा त्याने वेग इतका कमी केला की मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. ब्रेकबाई काही बोलली नाही. तिचा पाय हवेत होता, पण तिने तो दाबला नाही.

जाऊबाईंच्या पलंगाशी तो शाळेतल्या मुलासारखा उभा राहिला. सगळं सांगितलं. पूल, कंट्रोल, खरखर. जाऊबाई ऐकत होत्या. थोरले दीरही कुशीवर वळले होते.

"थांब, थांब," जाऊबाई म्हणाल्या. "ते तुमचं राहू दे. मला आधी सांग, मी थांबले होते?"

"हो, काकू."

"कडेला?"

"पूर्ण कडेला."

"इशारा दिला होता?"

"दिला होता. थांबल्यावरही चालू होता, काकू. मी बघितला. बघितला, पण गाडी माझ्या हातात राहिली नव्हती."

जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते गालावर ओघळायच्या आत त्या भडकल्या. ब्रेकबाईला इतकं बरं वाटलं की सांगायची सोय नाही. तो जुना, ओळखीचा, सगळं घर दणाणून सोडणारा आवाज होता.

"म्हणजे मी बरोबर, आणि माझ्याच घरात येऊन माझ्याच तोंडून मला चूक वदवून घेता? आणि तो कालचा, चांगला होता बिचारा! मी त्याला चहा पाजला! धाकटे, माझी चप्पल कुठे आहे?"

"जाऊबाई, डॉक्टरांनी हलू नका म्हटलंय."

"खांदा हलवू नको म्हटलंय. पाय माझे आहेत."

*

ठाण्याच्या फाटकाशी गाडी उभी राहिली तेव्हा सावकाशने स्टिअरिंगवरचे हात काढलेच नाहीत. आत साहेबांची खोली दिसत होती. पंखा फिरत होता.

"काकू, माझी नोकरी, माझी लेकरं..."

"तुझी लेकरं कोणत्या शाळेत जातात?" जाऊबाईंनी मागच्या सीटवरून विचारलं.

त्याने सांगितलं. त्या लांब भिंतीमागच्याच शाळेत.

त्याचे हात स्टिअरिंगवरच राहिले. बराच वेळ गेला. मग जाऊबाई पुढे वाकल्या. दुखत असणार, पण वाकल्या. "काय रे, उतरतोस का? की कानात खरखर आहे?"

तो उतरला.

आत त्याने जे बघितलं आणि ऐकलं होतं ते उभ्या उभ्या सांगितलं. साहेब म्हणाले, "तुला कळतंय का तू काय बोलतोयस?" तो म्हणाला, "कळतंय, साहेब. मी गाडी चालवत होतो." ब्रेकबाई त्या लंगड्या खुर्चीवर बसली नाही. तिने ती जाऊबाईंना दिली, आणि जाऊबाई तिच्यावर अशा ताठ बसल्या की खुर्चीनेच झुकायचा विचार सोडला.

पुढे काय झालं म्हणाल, तर फार काही झालं नाही. जाऊबाईंचा दोष कुणी न सांगता सवरता मागे घेतला. माफी कुणी मागितली नाही. सावकाशची गाडी काढून घेतली आणि त्याला फाटकावर उभं केलं. खरं बोलणाऱ्याची जागा तिथेच असते असं बहुधा त्यांना वाटत असावं. साहेबांची चौकशी चालू आहे. ती इतकी हळू चालली आहे की सायकलवाले घंटी मारून पुढे जात असतील. जिथे हळू जायला हवं तिथे धावतात, आणि जिथे धावायला हवं तिथे यांना एकदम नियम आठवतात.

खांदा जुळल्यावर जाऊबाई पुन्हा स्टिअरिंगवर बसल्या. मागे दीर, औषधांची पिशवी मांडीवर घेऊन. इस्पितळाचीच वेळ होती. चढ उतरून त्या मोठ्या रस्त्याला लागल्या, आणि मागून सायरन आला.

ब्रेकबाईचा पाय आपोआप उचलला गेला. ती काही सांगणार एवढ्यात जाऊबाईंनी आरसा बघितला, इशारा दिला, कडेला घेतलं आणि थांबल्या. पोलिसांची गाडी शेजारून सणकन गेली, गाडी हलली, आणि आवाज पुढच्या चौकापलीकडे विरला.

सवयीने ब्रेकबाईच्या ओठांवर आलं, पोच रे बाबा. पण ते नेहमीसारखं सरळ येईना. आधी मनात आलं, खरंच कुठे चाललेत का? आणि तिला त्या सगळ्यांचा नव्याने संताप आला, कारण कुठेतरी खरंच कुणी कोंडलेली बाई आतून दार ठोठावत असेल, आणि तिच्यासाठी हात जोडतानाही आता आपल्याला आधी शंका येणार.

"पोच," ती शेवटी म्हणाली. जरा रागानेच.

"जाऊ का आता?" जाऊबाईंनी विचारलं.

"आरसा बघा आधी."

"बघितला. मला शिकवू नकोस."